उजव्या हाताचा क्लच

आमच्या ह्यांना मोटारसायकल चालवता येत नाही. लग्नानंतर एकदा गाडीसकट उकिरड्यात घुसले, तेव्हापासून हँडलला हात लावला नाही. आमच्या टेंभुर्णी गावात विचारणाऱ्याला मात्र सांगतात, "मणक्यात गॅप हाय, म्हणून दीपमाला चालवती."

दीपमाला म्हणजे मी, आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. सकाळी साडेसहाला निघते. मागच्या पौषात नदीच्या पुलावर दाट धुकं होतं. लोकरीचे हातमोजे ओले झाले आणि बोटं पार बधिर. समोर बैलगाडी आली. ब्रेक दाबायचा हे कळत होतं, पण बोटं मिटेनात. गुडघ्याला सहा टाके पडले. पुन्हा तसं झालं तर टाक्यांवर भागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून यंदा ऊबदार, पाणी न शिरणारे आणि ब्रेक नीट दाबता येईल असे हातमोजे घ्यायचं ठरवलं.

रविवारी आम्ही दोघं जालन्याला गेलो. दुकानासमोर गाडी लावून किल्ली मी पर्समध्ये टाकली. दुकानदार राधेश्याम माझ्याकडे बघेचना.

"बोला साहेब, कोणती गाडी हाय?"

"दीडशे सीसी," हे म्हणाले. "बर्फात चालणारे ग्लोव्हज दाखवा. मी लडाखचे व्हिडिओ पाहून राह्यलो."

जाफराबाद तालुक्यात बर्फ! राधेश्यामनं उशीएवढे जाड मोजे काढले, एक बादलीत बुडवून दाखवला आणि ह्यांच्या हातात चढवला. माप ह्यांचं, रंग ह्यांच्या आवडीचा. हे मूठ आवळून आरशात बघत उभे.

"ह्यात ब्रेक न्हाई दाबता येणार," मी म्हटलं. "पातळ तळव्याचे दाखवा. लहान मापाचे."

राधेश्याम हसला. "ताई, मागं बसणाऱ्याला ब्रेक काय करायचा?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "गाडी हीच चालवती," एवढे तीन शब्द. तेवढ्यासाठी कुणी जीव मागत नव्हतं. हे आरशात मिशी नीट करत राहिले. सहा टाके पडले तेव्हा दवाखान्यात रडले होते हेच. मला त्या रडण्याचाही राग आला.

"साहेब, गाडीवर बसून पाहा की बराबर."

मी किल्लीही दिली नाही, तरी हे ऐटीत जाऊन बसले. उजव्या हातानं लिव्हर दाबला आणि ओरडले, "क्लच एकदम मस्त लागून राह्यला!"

क्लच असतो डाव्या हाताला, उजवीकडे ब्रेक. राधेश्यामनं उजव्या लिव्हरकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच. आत गेला आणि एक लहान जोड घेऊन आला. आतून मऊ अस्तर, तळवा पातळ, मनगटाला पट्टी. तोही बादलीत बुडवला. आतलं अस्तर कोरडंच राहिलं.

मी मोजे घालून बाहेर आले. पर्समधून किल्ली काढली, ती बोटांत नीट धरता आली. हे अजून सीटवरच बसलेले. शेजारून हात घालून मी ब्रेक दाबला. दोन बोटांनीच नीट दाबला गेला.

"हेच द्या," मी म्हटलं.

"साहेबांचे पॅक करू का?" राधेश्यामनं मलाच विचारलं.

"न्हाई. मागं बसणाऱ्याला काय करायचे?"

हे खाली उतरले. आता तरी खरं बोलतील असं मला क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची माझी मलाच लाज वाटली. राधेश्यामला ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हणाले, "तू चालव आज. माझा हात दुखून राह्यलाय."

मी गाडी चालू केली. हे मागे बसले आणि नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात टाकला.

"हात काढा," मी म्हटलं. "दुखून राह्यलाय न तुमचा?"