आपोआप जुळणारा मोजा

प्रयोगशाळेत त्या रबरासारख्या मालाचं कोण कौतुक! पाचपट ताणा, तुटत नाही. कापा आणि टोकं दाबून धरा, थोड्या वेळाने सांधा शोधून सापडत नाही. तो माल तयार करणारी ती संशोधक तर त्याच्याबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही. त्याचाच मोजा करून तिने बाबांना दिला होता. बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. उरलेल्या पायावर मोजा चढवून त्यावर ते कृत्रिम पाय घालतात. जुने मोजे सारखे फाटायचे. हा चिरला तरी आपला आपण जुळेल, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं.

आज प्रकल्पाला पैसा देणारे पाहुणे आले होते. बाबांनी त्यांच्यासमोर चालून दाखवायचं, एवढंच काम. पहिल्याच फेरीत मोजा उभा फाटला, पाय निसटला आणि बाबा सगळ्यांदेखत आडवे झाले.

विभागप्रमुखांनी मोजा उलटा करून पाहिला. "ही चीर जुनी आहे. आत पावडर शिरल्यावर कशी जुळणार? कुणी लावली?"

पावडर लावा, असं तिनेच सांगितलं होतं. चाचणीसाठी कापलेल्या या मालाच्या पट्ट्या डब्यात एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना पावडर चोळायची, ही प्रयोगशाळेची सवय. चाचणीत पट्टी कापली की लगेच जोडायची, मग पावडर आत जाणार कुठून? घरी वापरताना जाईल, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबांनी लावली असेल," ती म्हणाली. "त्यांच्या काही लक्षात राहत नाही."

बाबांनी खुर्चीतून तिच्याकडे पाहिलं. "हो हो, मीच लावली. माझाच वेंधळेपणा."

पाहुणे सैलावले. "आजोबा, पुढच्या वेळी सांगितलेलं नीट ऐकायचं हं," विभागप्रमुख लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले.

"हो साहेब."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाबांना आधार देऊन बाहेर घेऊन आली.

बाहेर बाकावर ती त्यांच्या खरचटलेल्या कोपराला मलम लावत होती. बाबा हळूच म्हणाले, "काय गं, जमली की नाही थाप? आता तुझ्यावर काही येणार नाही ना?"

ते चक्क खुशीत होते. त्यांनी रागवावं, निदान डोळे तरी वटारावेत, म्हणून ती मान खाली घालून थांबली.

"आणि नव्या मोज्याला पावडर लावायची की नको?" त्यांनी विचारलं. "तू सांगशील तसंच करीन."