एक नोव्हेंबरची पिवळी ओळ

मी फळा बोलतोय. रायपुरात, समता कॉलोनीतल्या मराठी वाचनालयाच्या दाराशी टांगलेला काळा फळा. चप्पल काढता काढता तुम्ही मला वाचता आणि आत जाऊन मोठ्या आवाजात माझंच ज्ञान सांगता, जसं काही आईच्या पोटातूनच शिकून आलात. ऐकू येतं मला सगळं.

माझं शिक्षण विचाराल तर चौथी. पास नाही, नापासही नाही. चौथीच्या वर्गात मला एकवीस वर्षं टांगून ठेवलं होतं, त्याला मी काय करू? तिथं मराठी शिकणारी पोट्टे-पोट्टी दर वर्षी कमी होत गेली. शेवटी वर्गात मी आणि मास्तर असे दोघंच उरलो, आणि दोघांनाही सगळं पाठ होतं. मास्तर रिटायर झाले. मला सायकल रिक्षात उभं करून इथं आणलं. म्हणून मला पाढे येतात, नद्या येतात, पण पाचवीचं काही विचारू नका.

इथं मला दिनविशेषाची नोकरी लागली. आजच्या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, ते रोज सकाळी माझ्यावर लिहायचं. लिहिणारे दयाराम मेश्राम. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात ते अक्षरं रंगवायचे. मालडब्याचा नंबर, वजन आणि डबा पुन्हा दुरुस्तीला केव्हा आणायचा ती तारीख. रिटायर झाल्यावर हातातला ब्रश सुटला, तर त्यांनी खडू धरला. नऊ वर्षं झाली. अक्षर असं की लोक चुकीची माहितीही आदरानं वाचतात.

पांढऱ्या खडूनं पाच ओळी जगाच्या. त्यांच्या खाली पिवळ्या खडूनं एक ओळ 'आपल्यातली'. वाचनालयात येणाऱ्या कोणाचा जन्म, कोणाचं लग्न, कोणाची आठवण. नियम एकच, आपली ओळ आपण लिहायची नाही.

त्या पिवळ्या ओळीपायी माणसं काय काय करतात, विचारू नका. आमचे सेक्रेटरी दिवाकरराव नऊ ऑगस्टचे. 'चले जाव'च्या खाली आपलं नाव आलं की त्या दिवशी ते छाती काढून चालतात, जसं इंग्रजाला यांनीच स्टेशनवर सोडून दिलं. त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई तीस जानेवारीच्या. बिचाऱ्यांना आधी दोन मिनिटं मौन पाळावं लागतं, मग पेढे. मीही मजा घेतो. दिवाकरराव फार भाषण द्यायला लागले की काळ्या पॅन्टवर खडूची भुकटी सोडतो. दमट दिवशी कालची ओळ आजच्या खालून हळूच दाखवतो. एकदा तर एका साहेबांचा वाढदिवस भूकंपात मिसळून टाकला होता.

पण एका माणसाची ओळ माझ्यावर कधीच आली नव्हती. दयारामची.

शाळेच्या दाखल्यावर त्यांची तारीख एक जुलै. दिवाकररावांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, लिहायची का? दयाराम म्हणाले, ती शाळेत नाव घालताना मास्तरनं टाकलेली तारीख आहे, माझी नाही. खरा वाढदिवस त्यांना माहीत होता, पण तो एका जागी बसत नव्हता. त्यांची माय सांगायची, दसऱ्याला अठरा दिवस झाले अन् तू झाला. म्हणून दर वर्षी दसऱ्यापासून अठरा दिवस मोजून घरात खीर व्हायची. कधी ती ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. माय गेली, मग बायकोनं मोजलं. बायको गेली, आता ते एकटेच मोजतात. माझ्यावर तर तारीखच लागते. फिरत्या वाढदिवसाला मी कुठं टांगू? ज्या माणसानं हजारो डब्यांवर तारखा रंगवल्या, त्याला स्वतःची नव्हती. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त दुसऱ्याची पिवळी ओळ लिहून झाली की खडू जरा जास्त वेळ हातात राहायचा. तेवढं मला समजायचं.

मग यंदा ठरलं की फळा काढायचा आणि टीव्हीसारखा स्क्रीन लावायचा. मुहूर्त एक नोव्हेंबरचा, छत्तीसगडचा स्थापना दिवस. वर्षभराचे दिनविशेष भरायचं काम दयारामच्या नातीनं, चेतनानं घेतलं. ती नव्या रायपुरात नोकरी करते, मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. आजोबांच्या नऊ वह्या समोर ठेवून तिनं सगळ्या तारखा भरल्या. मी टांगल्या टांगल्या विचार करत होतो, म्हातारा माझ्यावर आला नाही तो नाहीच, आता स्क्रीनवर तरी काय येणार?

एक नोव्हेंबरची सकाळ. भिंतीला भोकं पाडणारा मिस्त्री पायरीवर चहा पीत बसला होता. दयाराम शेवटचं लिहायला उभे राहिले. मी अंग घट्ट धरून ठेवलं. त्यांनी लिहिलं: १७५५, लिस्बनला भूकंप. १९५६, विदर्भ मुंबई राज्यात, रायपूर नव्या मध्य प्रदेशात. १९५६, केरळ राज्य. १९६६, हरियाणा. २०००, छत्तीसगड. पाहा ना, एका तारखेनं किती घरं वेगळी केली आणि किती मांडली. त्याआधी नागपूर अन् रायपूर एकाच राज्यात होते. सकाळी लोक उठले तर मामाचं गाव दुसऱ्या राज्यात. लिस्बन कुठं आहे ते मला माहीत नाही. दिवाकररावांनाही नाही, पण ते सांगत नाहीत.

चेतना मोबाईल घेऊन बाजूला आली. म्हणाली, "आजोबा, सबका नाम चढ़ गया. आपका किस तारीख में डालूँ?"

"माझी तारीख फिरती आहे, बेटा. दसऱ्याले अठरा दिवस झाले की."

"कौन सा दशहरा?"

"कोणता म्हणजे? माय पोटुशी होती, तशीच नागपूरले जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आली. त्या दसऱ्याले."

चेतनानं मोबाईल खाली केला. मग हळूच म्हणाली, "वो तो छप्पन का दशहरा था ना, आजोबा? चौदह अक्टूबर. आप खुद हर साल इस पर लिखते हो."

खडू थांबला. नऊ वर्षं चौदा ऑक्टोबर माझ्यावर त्यांनीच लिहिला होता, सगळ्यात ठसठशीत अक्षरात. पण तो सगळ्यांचा दिवस. आपला दिवस त्याच्यापासून मोजायचा, हे या शहाण्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. मलाही चौथीपर्यंतच शिकवलं, नाहीतर मी सांगितलं असतं.

दिवाकरराव पुढं झाले आणि चौदापासूनच बोटं मोजायला लागले. एकतीस ऑक्टोबर आला. कालच गेला म्हणे. यांचं गणित असं, तरी सेक्रेटरी.

"चौदा पकडायचा नाही, दिवाकरजी," दयाराम म्हणाले. "अठरा दिवस झाले होते." मग त्यांनी माझ्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "माझे बाबा स्टेशनवर खलाशी होते, रेल्वेतले मजूर. म्हणत, तू झाला त्या दिवशी लोक बोलून राहिले होते, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. मले वाटे, बाबा गंमत करून राहिले."

मायचा दसरा आणि बापाचं नागपूर, दोन्ही नऊ वर्षं माझ्या अंगावरून येऊन गेले होते, वेगवेगळ्या महिन्यांत. त्या सकाळी पहिल्यांदा एका तारखेवर येऊन उभे राहिले.

दयारामनी पिवळा खडू उचलला. बघितला. परत ठेवला. नियम म्हणजे नियम. तेव्हा चेतनानं तो घेतला. तिनं लिहिलं: १९५६, दयाराम मेश्राम, जन्म, रायपूर. काय ते अक्षर! शिरोरेघ अशी चढली जसा उड्डाणपूल. जन्मभर सरळ रेघ ओढलेल्या माणसासमोर. पण दयारामनी दुरुस्त केलं नाही.

"और क्या लिखूँ?"

"तारीख लागली ना? बस."

"बस काहून?" दिवाकरराव म्हणाले. "डबा पुन्हा दुरुस्तीले केव्हा आणायचा, तेही लिही."

दयाराम हसले, आणि हसता हसताच चष्मा काढून पुसू लागले. मिस्त्रीला दिवाकररावांनी दुपारी यायला सांगितलं. विनोदिनीबाई घरी जाऊन खीर करून घेऊन आल्या. मौन न पाळता वाढली. नऊ वर्षांत दिवाकररावांनी मिस्त्रीला थांबवायचं एवढं एक काम बरोबर केलं, म्हणून त्या दिवशी मी त्यांच्या पॅन्टवर भुकटी सोडली नाही. अगदी थोडी सोडली.

आता मी आतल्या खोलीत आहे, कपाटाच्या मागे, तोंड भिंतीकडे करून. शाळेत असं तोंड करून पोट्टे उभे राहायचे, आता माझी पाळी. स्क्रीन छान चालतो. रंगीत आहे. रात्री बारा वाजले की कालचं सगळं विसरतो, पोट्टाच आहे अजून. दयाराम दोन दिवसाआड छत्री शोधायला म्हणून कपाटामागं डोकावतात. कोरडा हिवाळा चालला आहे, छत्री कशाला, हे मी विचारत नाही.

माझं एवढंच मागणं. उद्या कोणी साफसफाईला आलं, हातात ओला फडका असला, तर लिस्बन पुसा, हरियाणा पुसा, माझी राज्यंच्या राज्यं पुसा. खालची पिवळी ओळ तेवढी राहू द्या. गाडी एकोणसत्तर वर्षं लेट आली आहे. तिला फलाटावर थोडी उभी राहू द्या.