तुकोजींचा कागद

वेंकटरावांच्या देवघरात, पिळ्ळैयार गणपतीशेजारी, काचेच्या चौकटीत एक मोडी कागद होता. पाच पिढ्या त्याला फूल वाहत आल्या होत्या आणि वाचता कुणालाच येत नव्हता. त्यामुळेच त्यात काय आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं: मूळपुरुष तुकोजी हे तंजावुरच्या राजाचे सरदार, आणि ही त्यांच्या पराक्रमाची सनद.

या सनदेपायी अंबुजाचं लग्न अडलं होतं. ती सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. पापनाशमचे प्राणेश मास्तर तिला मनापासून आवडले होते. पण त्यांचे आजोबा छत्रात, म्हणजे राजांच्या जुन्या अन्नछत्रात, आचारी होते.

"सरदाराची पोर आचाऱ्याच्या घरी?" तिचे अप्पा, वेंकटराव, कडाडले. "आमची पायरी चढू नका म्हणूनशनी सांग तेन्ना." हे सरदार स्वतः तालुका कचेरीत टपालावर शिक्के मारायचे.

१९५८ साली पुण्याहून मोडी वाचणारे एक पंडित तंजावुरात आले. अंबुजाच त्यांना घरी घेऊन आली. सनद नसून साधंसुधं पत्र निघेल, अप्पा जरा जमिनीवर येतील आणि होकार देतील, असा तिचा हिशेब होता.

पंडितांनी कागद वाचला, घसा खाकरला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "छत्राच्या मुदपाकखान्यातील वाढपी तुकोजी याने तुपाचे सहा घडे लंपास केले, सबब त्यास दूर केले आहे. पुन्हा पायरी चढू देऊ नये."

अम्मा पदरात तोंड घालून हसली. अप्पांचा चेहरा एवढा उतरलेला अंबुजाने कधी पाहिला नव्हता. तिला त्यांची कीव आली. चेहरा उतरलेला राहिला तो कॉफी येईपर्यंत.

"सहा घडे!" टंबलर खाली ठेवत वेंकटराव म्हणाले. "एकट्यानं! राजाच्या तुपाला हात घालायला छाती लागते. आणि काढायला खुद्द राजाचा हुकूम लागला, बघा!"

"म्हणजे अप्पा, आपणही छत्रातलेच. मग आता प्राणेश..."

"तेंच्या घरी हुकूम आहे काय? मुकाट्यानं रांधत बसले असतील. राजानं ज्यांच्यावर एक कागद खर्चला नाही, तसल्या घरी पोर देऊ?"

पडलं तरी नाक वर! अंबुजाला संताप आला, अप्पांचा आणि स्वतःचाही. वर्गात चूक दाखवली की मुली उत्तर खोडतात. अप्पा उत्तर कधीच खोडत नसत, त्याला जुळेल असं नवं गणित मांडत. हे कळायला सव्वीस वर्षं लागावीत?

"सेरी अप्पा, बरं," एवढंच ती म्हणाली.

दोन महिन्यांनी तिने आणि प्राणेशने नोंदणी कचेरीत लग्न केलं आणि शिक्क्याचा दाखला आणून अप्पांच्या हातात ठेवला. ते दसऱ्यापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

दसऱ्याला ती माहेरी आली, तेव्हा देवघरात दोन चौकटी होत्या. वेंकटराव पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या घराण्याची रीतच ती. माणूस घालवायचं असो की पोर द्यायची असो, सरकारी हुकमाशिवाय काही होत नाही."

अंबुजा जवळ गेली. दुसऱ्या चौकटीत तिच्या लग्नाचा दाखला होता; हा कागद तरी वाचता येण्यासारखा होता. पण काचेवर, नेमका प्राणेशच्या नावावर, गंधाचा जाड टिळा लावलेला होता. सगळ्यांदेखत तिने पदराने तो पुसून काढला.