किडक्या बोंडांची पेटी

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगते. मी, ही बाभळीची जुनी पेटी, एकदा नागपूरला विद्यापीठात मुलाखतीला जाऊन आले आहे!

माझा जन्म खामगावचा. खुर्शीद सुतार हाताचा गुणी, पण त्या आठवड्यात घरच्या लग्नाच्या घाईत होता. माझ्या तळाशी एक बारीक फट राहून गेली. अमडापूरच्या अन्नपूर्णाबाईंनी मला घरी नेलं आणि त्या फटीवरून मी रोज बोलणी खाल्ली. "डोळे झाकून जोडली काय हो खुर्शीदनं?" असं त्या येता-जाता म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्यांचा मुलगा मोतीराम शेतीशास्त्र शिकलेला. बोंडअळीवर संशोधन करून डॉक्टरेट घ्यायची, एवढंच त्याला वेड. संशोधकाच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा काका किसनराव स्पष्टच म्हणाले, "आता नाही झालं, तं गुपचूप अडत्याकडं कारकून हो."

गावात म्हणत, आभाळ आलं की अळी पडते. मोतीरामानं अर्जात लिहिलं होतं की तसं नव्हे. कापूस निघाल्यावर अळी आपल्याच घरादारात लपून झोपते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. दाखवायला म्हणून त्यानं महिनाभर आधीच किडकी बोंडं माझ्यात भरून ठेवली होती.

निघायच्या सकाळी तो अंघोळीला गेला आणि अन्नपूर्णाबाईंनी माझं झाकण उघडलं. आमच्याकडे कुणाला मूठभर दाणे द्यायचे तरी निवडून देतात. किडकं देणं म्हणजे घराची अब्रू घालवणं.

"अगं माय! साहेबाले हे काऊन नेऊन राह्यला हा पोरगा? लोक काय म्हणतीन!"

बोंडं चुलीत गेली. मला झाडूनपुसून त्यांनी पांढरीशुभ्र बोंडं भरली, वर हळदीकुंकू वाहिलं. मला ओरडता येत असतं तर!

नागपूरला टेबलामागे पाच जण बसले होते. मोतीरामानं ऐटीत झाकण उघडलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"अळी कुठे आहे?" मधल्या वृद्ध प्राध्यापकांनी विचारलं.

"मायनं चांगली बोंडं भरली, साहेब. किडकी पाठवाची तिले लाज वाटली."

दोघेजण खो-खो हसले. माझा जीव तुटला हो! पोराच्या डोळ्यांपुढे अडत्याची गादी उभी राहिली असणार.

प्राध्यापक मात्र हसले नाहीत. "पण तुमचं म्हणणं तर असं, की बोंडं गेली तरी अळी घरात राहते?"

मोतीरामानं बोंडं टेबलावर ओतली, मला उलटं केलं, एक टाचणी मागून घेतली आणि माझ्या फटीत घातली. आतून रेशमी धाग्यांचं इवलंसं वेष्टण निघालं. त्यात गुलाबी अळी झोपली होती, जिवंत!

जागा त्याला मिळाली. पत्र ऐकून अन्नपूर्णाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "म्या तं समदं जाळलं होतं रे बाप्पा. या पेटीनं तेवढी एक राखली." त्यानंतर मी एकदाही बोलणी खाल्ली नाहीत.

आता मी माळ्यावर असते. आज घरात नवा सुतार आला आहे. मला खाली काढून तो बाहेर लाकूड चिकटवायचा सरस कालवतो आहे. मित्रांनो, मला पुसा, ऊन दाखवा, बिजागरीला तेल द्या. पण त्याला कुणीतरी सांगा हो, ती फट तेवढी बुजवू नकोस.