अंगठ्याआडची अक्षरं

रिपोर्टावर अंगठा ठेवून फाइलबाईंनी फक्त शब्दाचं शेपूट वाचलं आणि अंगठा तिथेच दाबून धरला. शेपूट होतं ‘ओमा’. रिपोर्ट नवऱ्याच्या खांद्यावरच्या गाठीचा होता.

सव्वीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या बाईंना इंग्रजी बेताचंच. रुजू झाल्या तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की हे शब्द ग्रीक-लॅटिनचे तुकडे जोडून केलेले असतात. मागचा तुकडा काय झालंय ते सांगतो, पुढचा कुठे किंवा कशाचं ते. मागे ‘आयटिस’ म्हणजे सूज, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढलं, ‘ओमा’ म्हणजे गाठ. बाईंनी रॅकच शेपटांवरून लावले. पुढचा भाग अंगठ्याने झाकायचा, मागचं वाचायचं, फाइल सरकवायची. काम झटपट व्हायचं. ‘ओमा’च्या रॅकवर बारीक फाइलीही होत्या, पण डोळ्यांत भरत त्या जाडजूड, वाढत वाढत एक दिवस रुग्णासोबतच बंद होणाऱ्या.

बाहेर बाकावर नवरा पाय हलवत बसला होता. पेशाने रंगारी, इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. बायकोचा चेहरा दारातून दिसला तसा तो उठून आत आला.

“काय लिहिलंय गं?”

“गाठ.”

“ती मलाही माहीत होती की. कशाची?”

सव्वीस वर्षांत हा प्रश्न आपण एकाही फाइलला विचारला नाही, याची बाईंना लाज वाटली. भीत भीत त्यांनी अंगठा उचलला. ‘लिपोमा’. पुढे एल, आय, पी. ही अक्षरं कुठेतरी पाहिलेली होती. गेल्या वर्षी नवऱ्याच्याच रक्ताच्या तपासणीत, लिपिडच्या रकान्यात. तेव्हापासून त्याचं तळलेलं खाणं बंद होतं आणि त्याची कुरकुर चालू होती.

“चरबीची,” बाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. “अहो, नुसती चरबीची.”

तरी स्वतःच्या अकलेवर विसंबून न राहता त्यांनी सर्जनबाईंना गाठलं. साधी गाठ आहे, त्रास नसेल तर राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्याने लगेच तळणाचा विषय काढून पाहिला. दोघींनीही तो उडवून लावला. बाईंना कितीतरी दिवसांनी मोकळं हसू आलं.

नवऱ्याची फाइल ‘ओमा’च्याच रॅकवर जायची होती. बाईंनी ती लावली. मग शेजारची एक जाड, बंद झालेली फाइल काढली, तिच्यावरचा शब्द पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला आणि ती दोन्ही हातांनी परत ठेवली.