गिळलेला सेकंद

तिकीट काढायचं नवं ॲप लोकांना जमतंय का, हे ती रोज नवी माणसं बसवून तपासत असे. स्क्रीनखालचा कॅमेरा नजर टिपायचा आणि नजर जाईल तिथे तिच्या संगणकावर लाल ठिपका फिरायचा. सकाळपासून सगळ्यांचे ठिपके माशीसारखे भिरभिरले होते. दुपारी आलेल्या म्हाताऱ्या घड्याळजींचा ठिपका मात्र कोपऱ्यातल्या, पैसे भरायला उरलेल्या सेकंदांच्या उलट्या मोजणीवर जो बसला, तो हलेचना. गोंधळले असतील, असं वाटून तिने विचारलं, “काका, काही अडलं का?”

“माझं नाही, तुमच्या घड्याळाचं अडलंय. एक सेकंद गिळतंय बघा. एकतीसनंतर एकदम एकोणतीस.”

चार महिने तेच आकडे तिच्या डोळ्यांखालून गेले होते. तिने मोजणी पुन्हा लावली. बत्तीस, एकतीस, एकोणतीस. तिने शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना हाक मारली. प्रोग्रामर तर आ वासून बघतच राहिला.

घड्याळजी संकोचले. “त्यात काय एवढं, पोरी? चाळीस वर्षं सेकंदकाटाच बघतोय मी.”

“काका, बाकीचं ॲपही असंच बघाल?” तिने हळूच विचारलं, आणि सगळेच खुर्च्या ओढून त्यांच्या मागे गुपचूप बसले.