मामांनी नाकारलेली माफी

बेदीरमामांचं अंबर हरवलं तेव्हा मी मन्सूराच्या कॉलेजात कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीसाठी दमियात शहरातल्या आमच्या घरी आले होते. अंबर म्हणजे मामांचं सगळ्यात लाडकं कबुतर. मामांचा फर्निचरचा कारखाना आहे, तसा आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचा आहे. पण मामांचा जीव कारखान्यात कमी आणि गच्चीवरच्या कबुतरखान्यात जास्त.

समुद्राकडून जोराचा वारा सुटला त्या संध्याकाळी अंबर उडालं ते परतलंच नाही. मामांनी वाट पाहिली, जेवण टाकलं, आणि शेवटी भोंगा लावलेली टुकटुक रिक्षा भाड्याने घेतली. स्वतः पुढे बसून गल्लोगल्ली ओरडत फिरले, "पायात हिरवं कडं असलेलं तपकिरी कबुतर जो कोणी आणून देईल, त्याला माझ्याकडून झानच्या भारी लाकडाची अख्खी बेडरूम! पलंग, कपाट, आरसा, सगळं!"

मामी गॅलरीतून म्हणाली, "अहो, एका पाखरापायी? स्टूल देतो म्हणायचं!"

कबुतर आणून दिलं ते तोल्बा शलबींनी. नेमकं त्यांनीच.

तोल्बा म्हणजे आमच्या भागातले लाकडावर सगळ्यात चांगलं नक्षीकाम करणारे कारागीर. पूर्वी ते मामांचे भागीदार होते. मामांनी कोरीवकामाचं मशीन आणलं, त्या दिवशी तोल्बांनी आपली पटाशी, हातोडी गुंडाळली आणि चालू लागले. त्यानंतर कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. भोंगा फिरला तेव्हा ते रास अल-बरला एका कामावर होते. परत आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत कबुतर बसलेलं. कडं ओळखून त्यांनी ते टोपलीत घातलं, कारखान्याच्या दारात आणून ठेवलं, "तुझा पाहुणा," एवढंच म्हणाले आणि वळले.

संध्याकाळपर्यंत कॉफीच्या दुकानात एकच विषय. तोल्बांच्या मुलीचं, अहलामचं लग्न ईदनंतर ठरलेलं, बेडरूम मुलीकडच्यांनी द्यायची होती आणि त्या खर्चाचं काही जमत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांनी मला कबुतरखान्यात बोलावलं.

"पोरी, एवढं शिकतेस ना, मग यातून वाट काढ. त्याला बक्षिसाची बातमीच नव्हती. करार म्हणजे काय? एकाने म्हणायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं. त्याने कुठे हो म्हटलं?"

"करार तसाच असतो, मामा. पण हा करार नाहीये. तुम्ही सगळ्या गावाला उद्देशून वचन दिलंत. तिथे समोरच्याच्या होकाराची गरज नसते. काम केलं की बक्षीस त्याचं, मग त्याला माहीत असो वा नसो."

"मग उद्या परत भोंगा फिरवतो. वचन मागे घेतलं म्हणून!"

"काल घेतलं असतंत तर चाललं असतं. आता काम होऊन गेलंय."

"मी चेष्टेत म्हणालो होतो."

"चार गल्ल्या फिरून?" मामी कबुतरांना दाणे टाकत म्हणाली. "मलासुद्धा खरं वाटलं होतं."

मामा मग मलाच म्हणाले, "जा, विचार त्याला. लाकूड कोणतं हवंय ते." तोंड असं केलं होतं, जणू स्वतःचाच दात काढून देताहेत.

तोल्बांच्या घरी अहलामने चहा दिला आणि दाराआड उभी राहिली. तोल्बांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत.

"मी कबुतर दिलं कारण ते त्याचं होतं," ते म्हणाले. "सांग त्याला, माझं काही देणं लागत नाहीस म्हणून. मी माफ केलं."

खरं तर इथे सगळं संपायला हवं होतं. मी घरी येऊन निरोप दिला आणि मामी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून भाजी चिरायला बसली. मामांचा चेहरा मात्र उजळला नाही.

"माफ केलं? असंच म्हणाला?"

"हो. धनकोने देणं माफ केलं की देणं संपतं, मामा. तुम्ही सुटलात."

"तोल्बा मला माफ करणार?" ते उठून उभे राहिले. "मला? मी काय त्याच्या दाराशी हात पसरून उभा होतो? समजा मला त्याची माफी नकोय. तर?"

मी थोडी गोंधळले. मग वर्गात शिकवलेलं आठवलं. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, असं कोण करेल म्हणून.

"तर ती माफी लागू होत नाही. आपल्या कायद्यात देणेकऱ्याने माफी परत केली तर देणं कायम राहतं."

"बघ!" मामा मामीला म्हणाले, जणू कायदा त्यांनीच लिहिला होता. "चल गं."

तोल्बा दारातच भेटले. इतक्या वर्षांनी समोरासमोर, आणि मामांचं पहिलं वाक्य: "तुझी माफी परत घे. मी बेडरूम देणं लागतो आणि ती देणार."

"मला नको म्हटलं ना."

"तू नको म्हणून भागत नाही. विचार हिला."

तोल्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

"म्हणजे तुझ्या मशीनने कापलेले गुलाब माझ्या पोरीच्या उशाशी?" तोल्बा म्हणाले. "सगळ्या पलंगांवर एकच गुलाब. त्यापेक्षा तिला जमिनीवर झोपवीन."

"मग तूच कोर की! तुला कोण अडवतंय?"

बोलून गेल्यावर मामा स्वतःच दचकले. आतून अहलाम म्हणाली, "बाबा, मला डाळिंबं हवीत. गुलाब नकोत."

दुसऱ्या दिवसापासून तोल्बा कारखान्यात येऊ लागले. मामा सांगाडा जोडत होते, तोल्बा उशाकडच्या फळीवर डाळिंबं कोरत होते. दोघं फक्त लाकडाबद्दल बोलायचे, तेही वाकड्यात. "ही फळी ओली आहे." "तुझे डोळे ओले असतील." मशीनवरच्या पोरांनी हळूहळू मशीन बंद ठेवून बघायला सुरुवात केली.

पलंग झाला, तेव्हा मी परीक्षेसाठी मन्सूराला परतायच्या बेतात होते. बेडरूम अहलामच्या नव्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढवायची होती. जिना अरुंद. उशाकडच्या फळीचं एक टोक मामांनी धरलं होतं, दुसरं तोल्बांनी, आणि वळणावर ती अडकली.

"उचल तिकडून," मामा म्हणाले.

"उचललंय. तूच खाली बसलायस."

दोघं घामाघूम होऊन तिथेच पायऱ्यांवर टेकले, फळी मांडीवर घेऊन. मग तोल्बांनी खिशातून रुमाल काढला, आधी डाळिंबांवरचा मामांच्या हाताचा डाग पुसला आणि नंतर तोच रुमाल मामांकडे सरकवला.